कोपरा नसलेले पत्र

आमच्या घराण्याच्या पत्रांत कोणीही मेलेले नव्हते. पणजोबांची सरहद्दीवरून आलेली, आजोबांची पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून आलेली, अशी सारी पत्रे आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खोलीत एका पिवळ्या रुमालात बांधलेली असत. गाठ सोडली की वाळलेल्या कडुनिंबाचा कडवट वास दरवळे. पाऊसपाण्याची चौकशी, बैलांची खबर, तंबूतल्या थंडीची तक्रार, मोठ्यांना नमस्कार. मग एखादे वळणदार अक्षर मध्येच थांबे आणि पुढच्या कागदापासून दुसऱ्याच पिढीचे अक्षर सुरू होई. मधले पत्र तिथे नसे. मृत्यूची वार्ता देणाऱ्या पत्राचा कोपरा लिहिणाऱ्यानेच फाडण्याचा रिवाज होता. तसले पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही. घरातल्या पुरुषाने बाहेरच वाचायचे, फाडून कृष्णेत सोडायचे आणि मग सर्वांनी अंगावरून पाणी घ्यायचे.

दुसऱ्या महायुद्धात माझा थोरला भाऊ इटलीत लढत होता. गणपतीपासून त्याचे पत्र नव्हते. मार्गशीर्षातल्या त्या दुपारी आबा कचेरीच्या कामाला इस्लामपूरला गेले होते, गडीमाणसे नदीकाठच्या गुऱ्हाळावर होती आणि उकळत्या रसाचा दाट, गोड वास साऱ्या घरभर पसरला होता.

आष्ट्याहून सायकलवर येणारा टपालवाला एरवी लिंबाखालूनच ओरडायचा, “आईसाब, गुळाचा खडा काढा, इटलीचा पाव्हणा आलाय!” त्या दिवशी नुसतीच सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला.

आईने देवडीच्या दाराआडून विचारले, “आज गप का रं? पत्र हाय का न्हाई?”

“हाय, आईसाब. पर... कोपरा न्हाई त्येला.”

माझ्या खांद्यावरची आईची बोटे आवळली गेली. तिचा आवाज मात्र तसाच राहिला. “मग तूच वाच.”

“माझ्या तोंडानं नगं, आईसाब. धाकल्या मालकांच्या हातचा गूळ खाल्लाय मी.”

त्याने पत्र बाहेरच्या ओट्यावर ठेवले, उडू नये म्हणून वर दगड ठेवला आणि सायकलवर न बसता, ती हाताने ढकलत तो निघून गेला.

आमच्या घरात गोषा होता. बायका दिवसाउजेडी देवडीबाहेर पाऊल टाकत नसत, आणि बारा-तेराव्या वर्षी मीही त्यांच्यातच मोडत होते. पत्र आत यायचे नव्हते, आम्ही बाहेर जायचे नव्हते. फळ्यांच्या फटीला डोळा लावून मी पाहत राहिले. वाऱ्याने कागदाची कड थरथरत होती. पत्ता परक्या अक्षरात होता. जिभेवर तांब्याच्या पैशाची चव आली, आणि जो वास मला एरवी इतका प्रिय, तो रसाचा वास येऊ नये म्हणून मी नाक दाबून धरले.

“वहिनीला काई बोलू नगंस,” आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतले.

त्या आवाजाने वहिनी माजघरातून उठून आली. दादाचे लग्न होऊन वर्षभरातच त्याची पलटण हलली होती. “आत्याबाई, भरदुपारी चूल का इझवली?”

“घरधनी येऊ देत.”

वहिनीने एकदा आईकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग ती देवडीकडे चालू लागली. आई दारात आडवी झाली. “सूनबाई, मागं व्हा. उजेडाचं बाहीर जायाचं न्हाई.”

“अंधारात वाचता येत न्हाई, आत्याबाई.”

तिने अडसर काढला. उन्हाची तिरीप देवडीत घुसली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती ओट्यापर्यंत गेली आणि पत्र उचलून परत फिरली.

“आत आणू नगंस ते!” आई किंचाळली.

“कुंकू माझं हाय. पुसायचं तर घरात पुसा, वाटंवर न्हाई.” उंबरा ओलांडून तिने पत्र माझ्या हातात दिले. “वाचा, वन्सं. मला अक्षर येत न्हाई.”

माझ्या डोळ्यांपुढे ओळी पोहत होत्या. ‘तीर्थरूप आबांच्या चरणी बालकाचा साष्टांग नमस्कार.’ मेलेला मुलगा नमस्कार लिहीत नाही, हे भीतीने मला उमजूच दिले नाही. मी एका श्वासात वाचत सुटले. तो दवाखान्यात होता. हाताला लागले होते. उतार पडत होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून तो हे लिहून घेत होता. वाचून संपल्यावर मला कागदाची कड दिसली. कोपरा कोणी फाडला नव्हता. तो भिजून, लगदा होऊन गळून गेला होता आणि तिथे शाईचा फिकट निळा ओघळ सुकला होता.

आई जागच्या जागी खाली बसली. “हाय... माझं लेकरू हाय!” आणि लगेच, “त्या टपालवाल्याच्या तोंडात माती पडो!”

वहिनी हसली नाही. “कवाचं हाय?”

“भाद्रपदातलं.”

बाहेर उसाला तुरे आले होते. ती क्षणभर तिकडेच बघत राहिली. “आन् कुठल्या हाताला लागलंय?”

मी कागद उलटसुलट करून पाहिला. “लिहिलं नाही.”

“मग उजव्याच,” ती हळूच म्हणाली. “डावा असता तर दुसऱ्याकडनं लिहून घेतलं नसतं त्यांनी.”

आईने ओल्या चुलीत पुन्हा जाळ घालायला घेतला. लाकडे नुसतीच धुमसत राहिली. धूर माजघरात शिरला. वहिनी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“परत वाचा,” ती म्हणाली. “हाताचं तेवढंच.”