पस्तीसच सांगा

यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही ही निसर्गाची चूक आहे, असं मनापासून मानणारा आणि ती चूक स्वतःच्या बैठकीत दुरुस्त करून दाखवणारा पृथ्वीच्या पाठीवर एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. उभी नोकरी त्यांनी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढली, शेतकऱ्यांच्या मातीवर थेंब टाकून रंग पाहण्यात. निवृत्त झाल्यावर माणूस देवधर्म करतो, निदान वर्तमानपत्र तरी मोठ्यानं वाचतो. यांनी चारशे लिटरची काचेची टाकी आणली, त्यात पुड्यातलं खास मीठ कालवून समुद्र केला, त्यात चार मासे सोडले आणि पोवळी लावली. तेही अशा गावात, जिथं नळाला रोज पाणी येत नाही.

पोवळं म्हणजे अंगठीतला खडा नव्हे, जिवंत प्राणी. दगडाला चिकटून बसतो, खूश असला की फुलासारखा उघडतो आणि बिनसलं की मिटतो. त्याचं बिनसायला काहीही पुरतं. मीठ लिटरला पस्तीस ग्रॅम हवं, क्षार इतकेच हवेत, उष्णता इतकीच हवी. आमच्याकडच्या मे महिन्यात या लाडांना एसी लागतो, म्हणून घरातला एकमेव एसी टाकीच्या खोलीत. दुपारी पाहुणा आला की साडू त्याला म्हणतात, "आत बसा, मासोळ्याइच्या खोलीत गार हाये." यजमानाला स्वतःच्या घरात गारव्यासाठी माशांची परवानगी घ्यावी लागते, हे मला कधीच पटलेलं नाही. तपासण्याची खोडही नोकरीतली, ती काही सुटली नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी खिशातून रंगाची पट्टी काढून मठ्ठ्यात बुडवली आणि व्याह्यांच्या देखत म्हणाले, "जरासा आंबट हाये, पण चालते." व्याही अजून मला त्याबद्दल विचारतात.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात, ऐन पाठवणीच्या वेळी, हा माणूस मांडवात नव्हता. वीज गेली म्हणून पंप पाहायला घरी गेला होता. पोरगी मान वळवून वळवून शोधत गाडीत बसली आणि बाप कोपरापर्यंत हात टाकीत घालून उभा. त्या दिवशी मला त्यांचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. टाकी आल्यापासून नऊ वर्षांत नवराबायको एकत्र कुठं गेले नाहीत. एक जण गेला की दुसरा पहाऱ्यावर.

यंदा मेमध्ये तीच मुलगी पुण्यात बाळंत व्हायची होती. ताई, म्हणजे साडूंच्या पत्नी, स्वतः बसनं नेरला आमच्याकडे आल्या. चहाला हात न लावता म्हणाल्या, "भाऊजी, ह्या खेपेस यायले मी घेऊन जातो म्हन्जे जातोच. पोरीनं सोताहून बोलावलं आहे बापाले. तुम्ही तितं बारा दिवस राहा. रोज संध्याकाळी सहाले यायचा फोन येईन. आकडा इचारतीन. काही झालं तरी पस्तीसच सांगा. छत्तीस म्हनलं ना, तर हा मानूस रातच्या गाडीनं वापस येते."

मी कबूल झालो. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे, बारा दिवस पाणी सांभाळायला काय लागतं असं मला वाटलं. साडूंनी मात्र माझ्या हातात चाळीस पानांची वही ठेवली, माझी परीक्षा घेतली आणि मी दोनदा चुकलो तेव्हा ताईंकडे पाहून म्हणाले, "यायले जमन का वो?" इतका अपमान माझा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनीही केला नव्हता.

वहीत लिहिलं होतं, टाकीतलं पाणी रोज उन्हाळ्यानं आटतं, तेवढं पांढऱ्या पिंपातलं गोडं पाणी घालावं. शेजारी निळं पिंप होतं, त्यात तयार खारं पाणी. मी विचार केला, आटला समुद्र आणि भरायचं गोडं पाणी? बॅगा भरण्याच्या घाईत लिहिताना चुकले असतील. मी मोठ्या मनानं ती चूक दुरुस्त केली आणि रोज सात-आठ लिटर खारं पाणी ओतू लागलो. मीठ मोजायची दुर्बिणीसारखी नळी होती. दुसऱ्या दिवशी तिच्यातला आकडा छत्तीसच्या जवळ गेला, चौथ्या दिवशी अडतीस. पोवळी मिटून दगड झाली. आणि रोज सहाला फोन.

"किती हाये?"

"पस्तीस."

"बरं. उघडले काय?"

"मस्त उघडले."

ज्या एका माणसाला उपाय माहीत, त्यालाच विचारायची सोय नाही. मला त्यांचा राग आला, ताईंचा आला, पोवळ्यांचा तर फारच आला. एवढ्याशा मिठावरून जीव देणारा प्राणी पाळावाच का?

पाचव्या दिवशी गल्लीतले कूलर मेकॅनिक आले. मी झोपत होतो त्या खोलीतल्या कूलरचं घास, म्हणजे पाणी झिरपतं ते वाळलं गवत, त्यांना बदलायचं होतं. जुनं घास बाहेर काढून अंगणात झाडताना त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी घास माझ्यापुढे धरलं. त्यावर पांढरी पपडी जमली होती.

"गुर्जी, हे काय हाये?"

"क्षार."

"कूलरातलं पानी उडून जाते. खार उडत नाही, थितंच ऱ्हाते. मंग तुम्ही वरून अजून खारं पानी कायले टाकून राह्यले?"

 मिठागरात मीठ कसं तयार होतं, हे मी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. पूर्ण गुणांचा प्रश्न असायचा तो.

मग आम्ही दर तासाला दोन तांबे खारं पाणी काढून तेवढंच गोडं घालत दोन दिवस बसलो. एकदम बदललं तर पोवळी मरतात, असं वहीच्या एकतिसाव्या पानावर होतं; ते पान मी आता पाठ केलं होतं. पुढं मेकॅनिकनं कूलरातला फ्लोट, पाणी खाली गेलं की आपोआप नळी उघडणारा, पिंपाच्या नळीला बांधून टाकीत बसवला. आटेल तेवढं गोडं पाणी आपसूक येऊ लागलं. नळीतला आकडा पस्तीसवर आला. त्या संध्याकाळी पस्तीस म्हणताना माझा आवाज इतका मोठा झाला की साडू म्हणाले, "वरडता काहून? मले आयकू येते."

नवव्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी सहाची वाट पाहत टाकीसमोर बसलो. सहा वाजले. सव्वासहा झाले. फोन नाही. साडेसहाला माझा संताप अनावर झाला. बारा दिवस माणसाला बसवून ठेवायचं आणि आकडा विचारायची रीत नाही? मीच फोन लावला.

पलीकडून साडू कुजबुजले, "हळू बोला जी. हातावर झोपली हाये. तिच्या मायनं सोताहून देल्ली माह्यापाशी."

"पस्तीस आहे," मी म्हणालो.

"असन. तुम्ही पाहून घ्या." मग म्हणाले, "आमी अजून पंधरा दिवस राह्यतो इतं."

फोन बंद झाला. समोर सगळ्यात मोठं पोवळं, जांभळं, मिटल्यापासून पहिल्यांदाच पूर्ण उघडलं होतं. त्याचे टोकाचे धागे पाण्याबरोबर हलत होते. हे कुणाला तरी सांगावंसं मला फार वाटलं, आणि सांगण्यासारखा एकच माणूस होता, त्याचे हात मोकळे नव्हते.