डबक्यातले पाणभुंगेरे

मी लिहावं, एवढं मला येतं असं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि प्रॅक्टिकलची वही सोडली तर आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलं तर माफ करा.

मुकुटबनकडे आमच्या वावरालगतच्या नाल्यात एक डबकं आहे. त्यात पाणभुंगेरे असायचे. काळपट अंग, कडेला पिवळी किनार, मागचे पाय वल्ह्यासारखे. शेपटाकडची बाजू पाण्यावर काढून पंखांखाली हवा भरून घ्यायचे आणि बुडी मारून बेडकाचं पिल्लू धरायचे. आमच्या सरांनाही ही जात ओळखता आली नाही. "यांच्यावर फारसं काम झालेलं नाही. तू कर," ते म्हणाले, आणि मी हुरळून गेलो.

सुट्टीत मी चाळणी घेऊन डबक्याशी बसायचो. दादा तिथंच फवारणीचा पंप भरायला यायचा.

"काहून रे, किड्याइचा जावई झाला का तू?"

"दादा, हे चांगल्या पाण्यातच राहतात."

हे मी कुठं वाचलं होतं, आठवत नाही. पण अगदी ठासून सांगितलं.

"मंग आपल्यापेक्षा हुशार हायेत!"

त्या साली कपाशी डोक्याएवढी उंच वाढली आणि बोंडअळीसाठी फवारणीवर फवारणी चालली होती. दादाला यवतमाळच्या दवाखान्यात आणल्याचं कळलं, तसा मी होस्टेलवरून धावत गेलो. तो बेशुद्ध होता. औषध अंगावर उडालं, श्वासातून गेलं, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीनं मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, पाण्याची कॅन घरीच राह्यलती. मी म्हटलं, डबक्यातलं पिऊ नका, तिथंच पंप धुता तुम्ही. तं म्हणे, किडे पोहून राह्यले न, आपल्या कॉलेजवाल्यानं सांगतलं, पाणी चांगलं हाय."

दोन दिवस मी त्याच्या उशाशी बसलो. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही, सरांकडे गेलो. सर म्हणाले, "अरे, ते उडतात. पंप धुतल्यानंतर दुसरीकडून येऊन पडले असतील. त्यांच्यावरून पाणी कसं ठरवणार?"

दादा डोळे उघडेल तेव्हा आधी हेच सांगायचं, माझं चुकलं म्हणायचं, असं घोकत मी परत आलो. दवाखान्याचा जिना चढत होतो, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"कुठी हायेस तू? दादा गेला रे तुहा."