लालांचं दारूकाम आणि माझी नणंद

माझी नणंद जोझेट ग्झिरा शहरात एका ऑनलाइन जुगाराच्या कंपनीत आहे. जुगार खेळवणं तिचं काम नाही. खेळणाऱ्यांत लबाडी कोण करतोय ते बघणं तिचं काम. एकाच माणसाने पाच नावांनी खाती उघडलीत का, कार्ड चोरीचं आहे का, आजारी बापाच्या नावावर मुलगा खेळतोय का, असलं सगळं. आधी ती जीन्सच्या कारखान्यात शिवणी तपासायची. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. कॉम्प्युटरचा वर्ग लावला, दोन ठिकाणी नापास झाली, तिसऱ्या ठिकाणी लागली. आमच्या बेटावर या कंपन्या इतक्या झाल्यात की कुणी कुठे लागलं हे आता कुणी विचारतही नाही.

आमच्या हाल-मुरानमध्ये माणूस जन्मतो तोच लाल किंवा निळा. लालांचा संत रोक, निळ्यांची संत आना. दोघांचे बँड वेगळे, क्लब वेगळे, जत्रेचं दारूकाम, म्हणजे आकाशात उडवायची शोभेची दारू, तीही वेगळी. मी लालांच्या घरातली, लग्न करून निळ्यांत आले. माझे वडील माझा हात धरून चर्चमध्ये आले, पण निळ्यांच्या हॉलमधल्या जेवणाला आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. अजून दुखतंय.

लालांच्या क्लबचा सेक्रेटरी विस्तिन. पोस्टातून निवृत्त झालेला, बायको वारलेली, मुलं ऑस्ट्रेलियात. तरुणपणी क्लबची शोभेची दारू भरायच्या खोलीत काम करताना त्याच्या उजव्या अंगठ्याचं पेर उडालं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांची विजेची बिलं, पेन्शनचे कागद सगळं तोच बघायचा. त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द बोललेला मी माहेरी कधी ऐकला नाही. निळ्यांकडेही फारसा नाही.

ईस्टर होऊन गेल्यावरची गोष्ट. जोझेटच्या टेबलावर खात्यांचा एक गठ्ठा आला. सगळी खाती नवी, आणि सगळ्यांत पहिले पैसे एकाच बँक कार्डावरून भरलेले. नव्या माणसाने पैसे भरले की कंपनी वर तेवढेच स्वतःचे टाकते. माणशी एकदाच. तेच लाटायला लोक दुसऱ्यांच्या नावाने खाती उघडतात, रोजचंच आहे ते. तिने पहिल्या खात्याचं ओळखपत्र उघडलं तर गाव हाल-मुरान. दुसरं उघडलं, हाल-मुरान. सगळे सत्तरीच्या पुढचे, सगळे लालांचे. त्यात करमना फारुजासुद्धा, जिला मोबाइल चालू करता येत नाही आणि जी रेडिओ फक्त जपमाळेच्या प्रार्थनेपुरता लावते. प्रत्येक ओळखपत्राचा फोटो एकाच फुलाफुलांच्या मेणकापडावर काढलेला होता, आणि प्रत्येकाच्या कडेला कार्ड दाबून धरणारा एक अंगठा. अर्धा.

जोझेट उठून इंगेलाकडे गेली. इंगेला तिची साहेब, स्वीडनची.

"हा अंगठा मी ओळखते," जोझेट म्हणाली. "आमच्या गावचा आहे. आणि मी गावातल्या दुसऱ्या बाजूची. हे मी केलं तर गाव म्हणेल दावा साधला. सोडलं तर तुम्ही म्हणाल गाववाल्याला सोडलं. दुसऱ्या कुणाला द्या."

"एका गावात दोन बँड?"

"हो."

"आणि भांडण कशावरून?"

"कशावरूनच नाही. म्हणून तर मिटत नाही."

इंगेलाने ते काम एका सर्बियन मुलाकडे दिलं. पण त्या म्हाताऱ्यांना फोन करून विचारायला हवं होतं, आणि त्या खोलीत आमची भाषा येणारी जोझेट एकटीच. शेवटी असं ठरलं की प्रश्न इंगेला देईल, जोझेटने फक्त ते विचारायचे, आणि इंगेला शेजारी बसेल.

करमनाने फोन उचलला तो तक्रार करतच. "गॅसवाला का? काल ये म्हटलं होतं ना रे?"

"गॅस नाही, मावशी. मी एका कंपनीतून बोलतेय."

"आवाज ओळखीचा वाटतोय. तू नीनाची मुलगी ना? निळ्यांची?"

"हो मावशी, पण आत्ता मी कामावर आहे. तुमच्या नावाने इंटरनेटवर जुगाराचं खातं आहे. ते तुम्ही उघडलंत का?"

"जुगार? मी चर्चच्या हॉलमध्ये तंबोला खेळते तेवढाच. तोही कॉफी फुकट असते म्हणून."

"तुमचं ओळखपत्र कुणाला दिलं होतंत?"

"विस्तिनला. संताच्या कामाला हवंय म्हणाला. संताला ओळखपत्र कशाला लागतं ते मी नाही विचारलं. का गं, हरवलं का त्याने? त्यातला फोटो तसाही वाईट आलाय माझा."

बाकीच्यांनीही तेच सांगितलं. खाती बंद झाली आणि कंपनीने नियमाप्रमाणे जिथे कळवायचं तिथे कळवलं. जोझेट घरी आली आणि नेहमीसारखी सूप ढवळत बसली. आम्हाला काहीच कळलं नाही.

कळलं ते जून लागता लागता, तेही बाहेरून. लालांच्या क्लबमध्ये विस्तिनने सांगितलं की या वर्षीच्या दारूकामाचे पैसे वाढवायला म्हणून त्याने ऑनलाइन काहीतरी केलं होतं आणि कंपनीने सगळे पैसे अडकवून ठेवले. कोणती कंपनी? ती अमकी. तिथे कोण काम करतं? मग काय, दुपारपर्यंत सगळ्या गावाला माहीत.

दुसऱ्या सकाळी जोझेट पाव आणायला गेली तर बेकरीवाला म्हणाला, "काय देऊ? की हेही गोठवणार?" मागे रांगेतले हसले. तिने पैसे ठेवले, पाव घेतला. त्यानंतर ती शेजारच्या गावापर्यंत चालत जाऊन पाव आणायला लागली. वडिलांचा मला फोन आला. इतक्या वर्षांत सणासुदीशिवाय फोन न करणारे माझे वडील म्हणाले, "नणंदेला सांग, माणसाशी वैर करावं, संताशी नाही."

"बाबा, ती नोकरी करते."

"आम्हीही करत होतो नोकऱ्या. कुणाचं दारूकाम नाही बंद पाडलं."

त्याहून वाईट आमच्याच लोकांनी केलं. निळ्यांचा अध्यक्ष ग्रेझ्यू वाईनची बाटली आणि बदामाच्या केकचा डबा घेऊन दारात आला.

"जोझेट, बाई असावी तर अशी," तो म्हणाला. "या वर्षी लालांच्या आकाशात नुसते तारे."

"ग्रेझ्यू, मी काय केलं ते तुला ठाऊक नाही. आणि मी सांगणार नाही. डबा घेऊन जा."

"अगं, आज तुझे वडील असते तर त्यांना किती बरं वाटलं असतं."

"त्यांना बदामाने पित्त व्हायचं," जोझेट म्हणाली आणि दार लावलं.

मी तिला गच्चीवर गाठलं. ती कपडे वाळत घालत होती. "ताई, खरं काय ते एकदा बोलून टाक ना. लोक तोंडाला येईल ते बोलतायत. तुझ्या भावालाही ऐकून घ्यावं लागतंय."

"कामावरचं मी घरी आणत नाही."

"अगं पण ते घरी येऊन बसलंय."

तिने चिमटा तोंडात धरला होता. तो काढून चादरीला लावला आणि म्हणाली, "बसू दे. कंटाळून उठेल."

पण उठलं नाही. ती बारीक झाली. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागली.

काय होतं ते आम्हाला पुढे कळलं, आणि तेही बरंचसं विस्तिनच्याच तोंडून. ती खाती बंद झाली तेव्हा त्यांत अडकवण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. कंपनी जे वर टाकते ते लगेच काढून घेता येत नाही, आधी ते पुष्कळ वेळा खेळून दाखवावं लागतं. विस्तिन सुरुवातीला जपून खेळला. रूलेटच्या लाल-काळ्या चाकावर थोडे थोडे, तेही कायम लालवर. दुसरं कशावर लावणार? मग ते नीरस वाटायला लागलं. मग मशीनचे खेळ. करमनाच्या नावावरचे संपले की दुसऱ्या कुणाच्या नावावर, ते संपले की तिसऱ्याच्या. क्लबचं कार्ड त्याच्याकडेच होतं. दारूकामाचा पैसा असाच एकेका नावातून निघून गेला. ज्याला ते काम कळतं त्याला ते खेळणं बघूनच समजतं की हा माणूस आता कमवायला खेळत नाहीये. जोझेटला पहिल्याच दिवशी समजलं होतं. एक वाक्य बोलली असती तर गाव तिच्या पाया पडलं असतं.

जुलैच्या एका रविवारी प्रार्थना संपल्यावर ती सरळ विस्तिनच्या घरी गेली. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेच फुलाफुलांचं मेणकापड.

"ये," विस्तिन म्हणाला. "शिव्या द्यायला आलीस ना?"

"आधी चहा द्या."

त्याने चहा काचेच्या पेल्यात ओतला, दूध घातलं.  

"तू लोकांना सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"ते माझं नाही सांगायचं."

"मग आलीस कशाला?"

"आमच्याकडची खाती बंद झाली. बाकीच्या कंपन्यांत किती आहेत?"

 विस्तिनचा फोन टेबलावर पालथा पडला होता, तिकडे त्याची नजर गेली.

"दुसऱ्यांच्या नावाने?" जोझेटने विचारलं.

"नाही. आता माझ्याच." मग तो बोलायला लागला तो थांबेना. "पहिल्या आठवड्यात दुप्पट झाले होते गं. मला वाटलं, संतच खेळतोय माझ्या हातून. म्हटलं, या वर्षी असं दारूकाम करू की निळे घरात बसून रडतील. पोस्टात सगळी नोकरी झाली माझी, कुणाचं एक पाकीट इकडचं तिकडे झालं नाही. आणि इथे सकाळी उठलो की दात घासायच्या आधी हातात हे. तू मला बघत होतीस ना तिकडून?"

"नावं बघत होते. एक दिवसच. मग दुसऱ्याकडे दिलं."

"का?"

"तुम्ही लाल आणि मी निळी म्हणून."

विस्तिनला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. त्याने ते मनगटाने पुसले.

अशा प्रत्येक ठिकाणी माणसाला स्वतःवरच दार बंद करून घेता येतं. मग त्याने कितीही विनवलं तरी कंपनीने त्याला आत घ्यायचं नसतं. जोझेटने ते त्याला दाखवलं. एकेक कंपनी उघडायची, विनंती पाठवायची, पुढची उघडायची. विस्तिनने ते स्वतःच केलं, ती नुसती शेजारी बसून राहिली. दोनदा तो म्हणाला, ही एक राहू दे, इथे थोडे पैसे आहेत. दोन्ही वेळा शेवटी त्यानेच ती बंद केली. जाताना तिने बिर्किरकारातल्या एका संस्थेचा पत्ता दिला. जुगार सुटत नसलेली माणसं तिथे आठवड्यातून एकदा बसतात.

"हे तुझ्या नोकरीत येतं का?" त्याने विचारलं.

"नाही. उलट, आलेलं चालत नाही."

खरंच चालत नव्हतं. सोमवारी तिने आपण होऊन इंगेलाला सांगितलं. इंगेला चिडली. चौकशी चालू असलेल्या माणसाच्या घरी जायचंच कसं, म्हणाली, आणि लेखी ताकीद दिली. ती बरोबरच होती, असं जोझेट अजून म्हणते. पुन्हा तशी वेळ आली तर जाशील का, असं विचारलं की मात्र सूप ढवळायला उठते.

त्या आठवड्यात लालांची सभा होती. माझे वडील तिथे होते, त्यांनीच मला सांगितलं. विस्तिन उभा राहिला आणि म्हणाला, "पैसे कुणी अडकवले नाहीत. मी हरलो. आणि तुमच्या नावांनी हरलो." कुणीतरी कॉफीचं मशीन बंद केलं. कुणी ओरडलं नाही, वडील म्हणाले, ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मागून करमनाने विचारलं, "माझ्या नावाने किती गेले रे?"

"बरेच, मावशी."

"म्हणजे मी एकदाही नाही जिंकले?"

"एकदा जिंकलात. चांगले जिंकलात."

"मग तेव्हा तरी सांगायचंस मेल्या," करमना म्हणाली.

विस्तिनला कमिटीतून काढलं. पोलिसांनी बोलावलं, पुढे कोर्टात उभं राहावं लागलं. समुद्राकाठी त्याची एक खोली होती, उन्हाळ्यात पोहायला गेल्यावर राहायला. ती विकून त्याने क्लबचे पैसे जवळजवळ भरून दिले, राहिलेले कोर्टाने हप्त्याने लावून दिले. त्या वर्षी लालांच्या जत्रेत बार कमी उडाले. आमच्या गच्चीवरून मी मोजले नाहीत. नवऱ्याने मोजले, आणि निळ्यांपेक्षा कमी आहेत म्हणून खूश झाला.

जोझेटची माफी कुणी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. बेकरीवाल्याने एकदा रस्त्यात हाक मारली आणि आता येत का नाही म्हणून विचारलं. ती म्हणाली, तिकडचा पाव चांगला आहे. माझे वडील मात्र त्या नाताळला आमच्या घरी जेवले. कोट काढला नाही, पण जेवले.

विस्तिन दर मंगळवारी बिर्किरकाराला जातो. पहिले काही महिने एखादा मंगळवार चुकायचा, आता चुकत नाही. त्याची आणि जोझेटची बस कधीकधी एकच असते. मग दोघं शेजारी बसून माशांच्या भावाबद्दल बोलतात. परवा तिने विचारलं, अजून ओढ लागते का. तो म्हणाला, कुठेही टीव्हीवर मॅच दिसली की हात खिशात जातो. म्हणून बाहेर पडताना तो फोन करमनाकडे ठेवतो. आता ती तो उचलायलाही शिकलीय. त्यामुळे मंगळवारी विस्तिनला फोन लावला की करमना बोलते. आपलं सगळं ऐकून घेते, स्वतःचं सगळं सांगते, आणि तो आला की निरोप द्यायचं विसरते.