शकुनाची गोळी

तुमच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर असेल, तर ते या घडीला रिकामं आहे हे तुम्ही स्वतः पाहिलंय, की नुसतं धरून चालला आहात? प्रश्न उद्धट वाटला तर वाटू द्या. दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी मी आमच्या छापखान्यात खिळे जुळवत होते आणि भिंतीपलीकडून एकच आवाज आला. पलीकडे दस्तगीरचाचांचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान. धावत गेले तेव्हा चाचा बाकाला टेकून खाली बसले होते. समोर एक बागायतदार हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे बघत पुन्हा पुन्हा म्हणत होते, "रिकामंच होतं की ओ..." संध्याकाळी इस्पितळात चाचा गेले. त्याला आता सव्वा महिना झाला. मला अजून रडू येत नाही, संतापच येतो.

आमचा छापखाना पत्रकांचा. मी अक्षरं शिकले तीही 'जाहीर निषेध' वाचत, त्यामुळे चाचांशी माझं कायम भांडण. "ज्यांच्या बंदुकीला शेतमजूर घाबरतात, त्यांच्या बंदुका तुम्ही नीट करून देता!" असं मी म्हटलं की ते चष्म्यावरून बघत. "बेटी, तू कागदावर लढ. बिघडलेली बंदूक मालकालाबी मारती आन् मजुरालाबी." हे उत्तर मला कधीच पटलं नाही. पण आणीबाणीत पत्रकं थांबली, छापखान्यात माशा मारायची वेळ आली, आणि मी त्यांच्या बाकावर जाऊन बसू लागले.

दसऱ्यानंतर त्यांच्याकडे रांग लागे. तक्रार सगळ्यांची एकच, चाप जड झालाय, गोळ्यांचं चक्र फिरत नाही. चाचांची रीत ठरलेली. आधी हत्यार उघडायचं आणि चक्राच्या प्रत्येक भोकात करंगळी घालून बघायचं. "डोळा फसतो, करंगळी न्हाय फसत." मग रिकामं चक्र हातानं सावकाश फिरवायचं. सगळीकडं सारखंच जड जात असेल तर तेल घट्ट झालंय. एकाच ठिकाणी अडत असेल तर तिथं काहीतरी बसलंय, नाहीतर काही वाकलंय. कानशीला हात शेवटी, तोही दहा वेळा विचार करून. बहुतेक वेळा निघायचं काय? हळद, कुंकू, थिजलेलं खोबरेल, आणि चक्राच्या मागच्या चकतीखाली एखादी अक्षता. एवढासा तांदूळ चक्र उचलून धरतो आणि ते घासत राहतं. चाचा तो बाभळीच्या काट्यानं काढत आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवत. "लगीन लावलं काय याचं? मग आमाला जेवायला का नाय बोलावलं?"

गिऱ्हाईक हसे. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच! मी चिडायची, चाचाही चिडत. त्यांचा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता. लोक आल्या आल्या चाप ओढून दाखवत, बघा किती जड झालाय म्हणून. चाचा ओरडत, "दिखाव नक्को, बोलो! तोंड दिलंय ना अल्लानं?"

त्या दिवशीही ते असंच ओरडले असणार. बागायतदारांनीच नंतर सांगितलं... रिकामं भांडं कुणाला परत देऊ नये, तशी रिकाम्या हत्याराची पूजा करू नये, असं त्यांच्या घरात मानतात. म्हणून गोळ्या भरून पूजा केली. पूजेनंतर काढल्या, पण सगळ्या नाहीत. "एक तेवढी ठिवली हुती, शकुनाची." आणि तीच ते विसरले. काउंटरवर हत्यार काढून म्हणाले, "लई जड झालंय चाचा, हे बघा की." चाचांनी हात पुढे केला. यांनी चापात दोन बोटं घालून जोर लावला. आत अडकलेली अक्षता चिरडली, चक्र फिरलं आणि शकुनाची गोळी नळीसमोर येऊन सुटली.

मातीला आलेले लोक म्हणत होते, वेळ भरली होती. कसली वेळ? चाळीस वर्षं ज्या माणसानं प्रत्येक भोकात करंगळी घातली, त्याची वेळ दुसऱ्यानं न उघडलेल्या हत्यारात भरली होती, असं म्हणा! बागायतदार वाईट नाहीत. चाचांच्या घरी येऊन ते ढसाढसा रडले. पण त्या रडण्यानं मला समाधान झालं नाही. शकुन मोडायची भीती वाटली, आणि माणूस गेला.

चाचांची बायको, आमची चाची, मला म्हणाली, "तू कागद छापती ना? मग छाप." म्हणून हे लिहिलं. घरात हत्यार असेल तर हा कागद बाजूला ठेवा आणि आत्ता उठा. नळी माणसांकडे न करता ते उघडा, एकूण एक गोळी काढा, शकुनाचीसुद्धा, आणि प्रत्येक भोकात करंगळी घालून बघा. उघडत नसेल तर जोर लावू नका, चापाला बोट लावू नका. जाणत्या कारागिराला घरी बोलवा आणि आत गोळी असेल असं त्याला आधीच सांगा. हळदकुंकू वाहायचंच असेल तर हत्यार ठेवायच्या पेटीला वाहा.