पोलच्या डावीकडे

मी वैष्णवीला चोट्टी म्हटलं होतं. सगळ्यांसमोर.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही दोघी रिठदच्या. एकाच गल्लीतल्या, शाळेत एकाच बाकावरच्या. सरांनी शाळेत नेटबॉल सुरू केला तेव्हा गावाला वाटलं, बास्केटबॉलच्या पोलला बोर्ड लावायचाच राहून गेलाय.

वैष्णवी उंच, म्हणून शूटर. मी बुटकी, म्हणून तिला पास देणारी.

या खेळात बॉल तीन सेकंदांच्या वर हातात ठेवता येत नाही. सर ओरडायचे, "पल्लवी, पाह्यत नको बसू! तू पाह्यलं का समोरचीले समजते. पोलच्या डावीकडं फेक, वैष्णवी पोचते तिथं."

आणि ती पोचायचीच. दहा वर्षं. मी कधी बघितलंसुद्धा नाही.

मग लीग आली. तिला एका टीमने घेतलं, मला दुसरीने. तिची उंची बघून त्यांच्या कोचने तिला शूटरवरून गोलकीपर केली, म्हणजे पोलपाशी समोरच्यांचे पास अडवणारी. आणि नशीब बघा, फायनलला आमच्याच टीम समोरासमोर!

रिठदला दोन्ही घरची माणसं एकाच मोबाइलपुढे बसली होती. माझ्या बाबांनी म्हणे वैष्णवीच्या आईला विचारलं, "वहिनी, आता टाळी कवा वाजवाची?"

शेवटचं अर्धं मिनिट. स्कोअर सारखा. बॉल माझ्या हातात.

एक सेकंद. दोन.

मी न बघता पोलच्या डावीकडे फेकला.

तिथे वैष्णवी होती. दुसऱ्या रंगाच्या जर्सीत.

तिने बॉल पकडला, दोन-तीन पासमध्ये तो पलीकडे गेला, गोल झाला आणि शिट्टी वाजली. एका गोलने हरलो आम्ही.

हात मिळवायच्या रांगेत ती समोर आली तेव्हा मी म्हटलं, "चोट्टी हायेस तू. माह्या सवयीचा फायदा घेतला."

तिचा चेहरा पडला. "पल्ले, मले कुठं माहीत होतं तू तिथंच फेकशीन? मी त नुसती पोचली वो."

मी हात सोडवून घेतला.

आठ महिने बोलले नाही. तिचे फोन घेतले नाहीत. गावी गेले की तिचं दार टाळायला मारुतीच्या देवळाला वळसा घालून जायची. दिवाळीत तिने चिवडा पाठवला, मी डबा तसाच परत पाठवायला निघाले.

आई म्हणाली, "मॅच हरली का अक्कल हरली वो तू?"

माझं नाक मोठं. डबा परत गेला.

मग तिला डेंग्यू झाला. आधी आमच्या जवळच्या मालेगावला दाखवलं, मग अकोल्याला ॲडमिट. मी गेले तेव्हा सलाइन लावलेलं. मला बघून म्हणाली, "आली का? बस न."

बसले. सोयाबीन, सरांची रिटायरमेंट, तिचे गळलेले केस, सगळं बोललो. तो एक शब्द मागे घ्यायला आले होते, तेवढंच बोलले नाही. तिला जरा बरं वाटू दे, मग बोलू, असं मनात.

"उद्या येतो," मी म्हटलं.

"ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिलाच गावाकडे आणलं.

या सीझनला मला नवीन शूटर मिळालीय. चांगली पोरगी आहे, मेहनती. मी आता बघून पास देते. कोच म्हणतात, माझा गेम सुधारला.

मला नको आहे हा सुधारलेला गेम. मला ती पाहिजे.

वैष्णे, तू चोरी केली नव्हतीस. मी त्याच दिवशी ओळखलं होतं, रूमवर परत जाताना बसमध्येच. तोंडातून निघालं नाही एवढंच.

तुम्ही खाली श्रद्धांजली लिहा. माझं त्याआधीचं एक राहिलंय, त्या रांगेतलं.

फायनल जिंकल्याबद्दल अभिनंदन, वैष्णे.