साहेबांचा निरोप

पी.ए.चं काम काय असतं, असं कुणी विचारलं की मी सांगते, साहेबांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा दुसऱ्याच्या कानावर घालायचा. मी तो जसाच्या तसा घातला होता. त्यात एका माणसाची नोकरी गेली.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. वडिलांची बदली लखनऊ छावणीत झाली, त्यांच्यामागून आम्ही नागपूरहून आलो आणि शहराचा जमाखर्च सांभाळणाऱ्या एका ऑफिसात मला वित्त अधिकाऱ्यांची पी.ए. म्हणून जागा मिळाली. ऑफिसचं नाव घेत नाही. डिक्टेशन घ्यायचं, डाक लावायची, आत कुणाला सोडायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं ते ठरवायचं, दुपारी सह्यांचं पॅड समोर धरायचं. हिंदी शॉर्टहँड मी नागपूरलाच शिकले होते. आपल्याला हिंदी उत्तम येते, असा माझा तेव्हा ठाम गैरसमज होता.

त्याच ऑफिसात एक काका कारकून होते. नात्याचे नव्हेत, वर्ध्याकडचे, आमच्यासारखेच बौद्ध. त्या इमारतीत मला ‘जय भीम’ म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. जागा निघाल्याचं वडिलांना सांगणारेही तेच. जेवायच्या सुट्टीत माझ्या डब्यात डोकावून म्हणायचे, “आजही परवलचीच भाजी? तुह्या मायले लखनऊ बाधलं वाटते!” त्यांच्या पेन्शनला तीन-चार वर्षं उरली होती. त्यानंतर वर्ध्याला जाऊन दोन खोल्या बांधायच्या, हे रोजचं बोलणं. मी कंटाळून हो हो म्हणायची.

त्या मे महिन्यात ऑफिसात नवे हेडक्लार्क आले. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. एके दिवशी काकांनी माठातून पाणी घेतलं आणि बडे बाबूंनी सगळ्यांसमोर तो माठ मोरीत रिकामा करवला. कुणी हूं की चूं केलं नाही. काका जागेवर जाऊन बसले, दोन पानी तक्रार लिहिली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी ती साहेबांपुढे ठेवली.

साहेब वाईट माणूस नव्हते. कटकट नको असलेले होते, बस्. तक्रार वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “उनसे कहिए, राज़ीनामा लिखकर दे दें। बात यहीं ख़त्म हो।”

 मी “जी सर” म्हणाले, बाहेर आले आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं, “काका, साहेब राजीनामा मागताहेत.”

 ते म्हणाले, “असं म्हणतात? बरं.” एवढंच. सोमवारी त्यांनी स्वच्छ अक्षरात हिंदीत त्यागपत्र लिहून आणलं. कारण लिहिलं होतं, घरगुती अडचणी. मंजुरीचा आदेश मीच टाइप केला आणि पॅडमध्ये लावला. साहेब सह्या करत करत त्या कागदावर थांबले. “अच्छा? उन्होंने यही तय किया?” मी म्हणाले, “जी.”  त्यांनी सही केली.

आपणहून नोकरी सोडली की मागची सगळी वर्षं वाया जातात आणि पेन्शन मिळत नाही. हे मला माहीत होतं, काकांनाही. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत.

हिवाळ्यात दोन शिपायांची मारामारी झाली. साहेब डिक्टेशन देत होते, “दोनों पक्षों में राज़ीनामा हो गया है, अतः कार्रवाई समाप्त।” माझी पेन्सिल थांबली. मी विचारलं, “सर, नौकरी किसने छोड़ी?”

साहेब हसले. “नौकरी? राज़ीनामा यानी सुलह. आपस में राज़ी हो गए.”

म्हणजे तक्रार मागे घ्या आणि मिटवून टाका, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. तोही काही न्याय नव्हता. पण नोकरी राहिली असती, पेन्शन राहिली असती. मी तिथेच रडत सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. “आपने पूछ लिया होता,” ते म्हणाले. “अब तो जगह भी भर गई.” तुम्ही तरी सही करताना कुठे विचारलंत, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. मलाही नोकरी हवी होती.

काकांना सांगायला मला आणखी तीन आठवडे लागले. इतकी भित्री मी आयुष्यात कधी नव्हते. आलमबागला बस अड्ड्याजवळ ते टाइपरायटर घेऊन बसतात आणि लोकांचे अर्ज लिहून देतात, असं कळलं होतं. शनिवारी दुपारी गेले. पत्र्याखाली मफलर गुंडाळून बसलेले, चांगलेच वाळलेले. समोर भांडण मिटलेले दोन भाऊ उभे होते आणि मशीनमधल्या कागदावर वरच ठळक अक्षरांत मथळा होता, राजीनामा.

मी त्या शब्दाकडे बघते आहे हे त्यांनी पाहिलं.

“मले पहिल्याच महिन्यात समजलं,” ते म्हणाले. “असे रोज दोन-तीन लिहितो.”

“मग आला का नाहीत, काका? मला शिव्या तरी घालायच्या!”

“तुले काहून शिव्या घालू? तू सांगतलं, मी ऐकलं. साहेबाले एकदा विचारून ये, असं तुले वाटलं नाही. मलेही वाटलं नाही.” त्यांनी कागद ओढून काढला. “माठ ओतून दिला, तक्रार केली, आता घरी जा म्हणतील. आपल्या दोघायलेही ते खरंच वाटलं, बाई.”

 त्या मशीनवर नुक्ता, म्हणजे हिंदीत ‘राज़ी’च्या ज़-खाली येणारं टिंब, नव्हता. काकांनी खिशातून पेन काढलं, मथळ्यातल्या ज-च्या खाली जपून एक टिंब दिलं आणि कागद त्या भावांना सहीसाठी दिला.