रांगेतला नाच

आमच्या गल्लीचा उद्धार झाला तेव्हा मी विशीची होते, आणि तो खास माझ्यासाठीच चाललाय अशी माझी समजूत होती. सोलापुरातली तेलुगू विणकरांची गल्ली आमची. निम्म्या घरांतले हातमाग बंद पडलेले, पुरुष पॉवरलूमच्या कारखान्यात जाऊ लागलेले, भिंतींना पोपडे आलेले. मधोमध मात्र मोठा मोकळा चौक होता. नवरात्रात आम्ही बायका तिथे बतुकम्मा मांडायचो. तरवडाच्या न् झेंडूच्या फुलांची उतरंड रचायची, तिच्याभोवती टाळ्या वाजवत, गाणी म्हणत फेर धरायचा. त्या संध्याकाळी पुरुष तिकडे फिरकत नसत. वर्षभर खाली मान घालून वावरणाऱ्या माझ्या सासूबाई तिथे पदर खोचून नाचायच्या आणि फेरातच मामंजींच्या तोऱ्यातल्या चालीची अशी नक्कल करायच्या, की हसून हसून आमच्या टाळ्या चुकायच्या.

मग पुण्याहून शिकून आलेला एक आर्किटेक्ट आला. दाढी, खांद्याला झोळी. नाच, चित्रं आणि बांधकाम यांच्या जोरावर गल्ली पुन्हा जिवंत करू, म्हणाला. पंचांनी माना डोलावल्या. चौकाच्या मध्यावर दगडी स्टेज बांधायचं ठरलं. त्यात बायकांना कुणी विचारलं नाही. मला तेवढं विचारलं, तेही नाच बसवाल का म्हणून, कारण शाळेमुळे मराठी मला धड बोलता यायचं. मी लगेच हो म्हणाले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा कोळीण झाले होते. तेवढ्या भांडवलावर बाई स्वतःला नृत्यांगना समजत होत्या.

स्टेज झालं. कुणी चित्रकला शिकणारी पोरं येऊन भिंतींवर फेर धरलेल्या बायका रंगवून गेली. तालमीला आर्किटेक्ट समोर बसला आणि म्हणाला, "अर्ध्या बायकांच्या पाठीच दिसतायत. रांग करा. पाहुण्यांना चेहरे दिसले पाहिजेत."

मी ते ऐटीत तेलुगूत सांगितलं.

"मग फुलं कुटं ठेवायची?" सासूबाईंनी विचारलं.

"कोपऱ्यात, अत्तम्मा."

"आणि तू कुटं?"

"मी मध्ये."

"मग यंदा फुलं कशाला आणायची? तुलाच मधी मांडू की."

सगळ्या हसल्या. मला त्यातला टोमणा कळला नाही. मी लाजले.

उद्घाटनाला पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली, आम्ही रांगेत नाचलो. तोंडाला पावडर, डोक्याला खोटी वेणी लावून मी मधोमध, नजर थेट फोटोवाल्याकडे. आता नातींना मी माझी ती नक्कल करून दाखवते. पोरी लोळतात हसून. त्यांना वाटतं, आजी वाढवून सांगते. उलट, कितीतरी मी झाकून ठेवते.

आर्किटेक्ट पुन्हा आला नाही. भिंतीवरच्या बायकांना लोक सायकली टेकवू लागले. स्टेजवर वारा छान लागायचा, म्हणून संध्याकाळी पुरुषांचा पत्त्यांचा अड्डा तिथे जमला. पुढच्या नवरात्रात आम्ही फुलांची ताटं घेऊन चौकात गेलो, तर स्टेजच्या कडेला पाय सोडून रांगेनं पुरुष बसलेले. त्यांत मामंजीही. स्टेजभोवती फेर धरायचा म्हटलं तरी त्यांच्या पायांखालूनच जावं लागलं असतं.

"नाचा की," एकजण पत्ते पिसत म्हणाला. "आमी कुटं अडवलंय?"

सासूबाईंनी पाठ फिरवली. मग ताट उचलून घरांच्या मागच्या बोळात गेल्या, गटारीशेजारी. आम्ही मागोमाग. तिथे फेर मावेना. फुलं भिंतीशी ठेवली आणि सगळ्या एकामागे एक उभ्या राहिल्या.

"तू हो पुढं," सासूबाई मला म्हणाल्या. "रांगेतलं तुलाच येतंय."

मी पुढे झाले, टाळ्या धरल्या. मागे गाणं होतं, हसणं नव्हतं. मध्येच मी वळून पाहिलं. सासूबाई खाली मान घालून पावलं टाकत होत्या, घरात चालायच्या तशीच.